विंडोज रजिस्ट्री हाताळणाऱ्या स्क्रिप्टांचे दोषनिवारण

विंडोज रजिस्ट्री ही मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची, मध्यवर्ती नोंदवही होय. संगणकाचे यंत्रभाग, त्यावर बसवलेले प्रोग्राम आणि वापरकर्त्याच्या आवडीनिवडी यांविषयीची मांडणी या नोंदवहीत साठवलेली असते. एकच बदल अनेक संगणकांवर करावयाचा असल्यास तो हाताने न करता स्क्रिप्टद्वारे, म्हणजे ओळीओळीने आज्ञा लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामद्वारे, केला जातो. अशी स्क्रिप्ट अपेक्षेप्रमाणे चालली नाही तर कारण कसे हुडकावे, याचा विचार या लेखात केला आहे. या क्षेत्रातील बहुसंख्य चुका आज्ञेच्या व्याकरणाच्या नसतात. आज्ञा बिनचूक असते, ती पार पडल्याचा निरोपही मिळतो; परंतु नोंद भलत्याच ठिकाणी, भलत्याच प्रकारात किंवा भलत्याच वापरकर्त्याच्या नावावर पडलेली असते.

पार्श्वभूमी

विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मांडणी ‘आयएनआय’ प्रकारच्या साध्या मजकूर फायलींमध्ये ठेवली जाई. ‘विन डॉट आयएनआय’ आणि ‘सिस्टीम डॉट आयएनआय’ या त्यांपैकी प्रमुख. या फायली कोणालाही उघडून वाचता येत. पण प्रत्येक प्रोग्राम आपली स्वतंत्र फाईल बाळगू लागला, एकाच संगणकावरील दोन व्यक्तींची मांडणी वेगवेगळी ठेवणे अवघड झाले, आणि संख्या असो वा मजकूर, सर्व काही अक्षरांतच लिहावे लागे. १९९२ साली विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री प्रथम आली. कोणत्या प्रकारची फाईल कोणत्या प्रोग्रामने उघडावी, एवढे सांगण्यापुरतेच तेव्हा मुख्यतः तिचे काम होते. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ मध्ये आणि पुढे १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये तिला आजचे व्यापक रूप मिळाले.

रचना व परिभाषा

रजिस्ट्रीची रचना वृक्षासारखी असते. इंग्रजीत तिच्या फांद्यांना ‘की’ म्हणतात. मराठीत ‘की’ हे उभयान्वयी अव्ययही असल्याने या लेखात ‘किल्ली’ हा शब्द योजला आहे. किल्लीच्या पोटात उपकिल्ल्या आणि नोंदी असतात. प्रत्येक नोंदीचे तीन भाग पडतात: नाव, प्रकार आणि आशय. प्रत्येक किल्लीला एक बिननावाची नोंदही असू शकते व तिला ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

वृक्षाच्या मुळाशी पाच शाखा दिसतात. ‘एचकी लोकल मशीन’ ही संपूर्ण संगणकाची आणि ‘एचकी युजर्स’ ही वापरकर्त्यांची शाखा. ‘एचकी करंट युजर’ ही स्वतंत्र शाखा नसून ‘एचकी युजर्स’मधील त्या वेळच्या वापरकर्त्याच्या भागाकडे बोट दाखवणारे दुसरे नाव आहे. ‘एचकी क्लासेस रूट’ हे संगणकाच्या व वापरकर्त्याच्या अशा दोन किल्ल्यांचे एकत्रित दर्शन आहे, तर ‘एचकी करंट कॉन्फिग’ ही चालू यंत्ररचनेची शाखा आहे. पाचांपैकी काही शाखा म्हणजे केवळ टोपणनावे आहेत, ही गोष्ट पुढील बऱ्याच घोटाळ्यांच्या मुळाशी आहे.

प्रत्यक्ष साठवण ‘हाइव्ह’ नावाच्या फायलींत होते. ‘सिस्टीम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘सॅम’ आणि ‘सिक्युरिटी’ या फायली विंडोजच्या ‘सिस्टीम३२’ फोल्डरमधील ‘कॉन्फिग’ या उपफोल्डरात असतात. प्रत्येक वापरकर्त्याची ‘एनटीयुजर डॉट डॅट’ ही फाईल त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असते. ‘हाइव्ह’ म्हणजे मधमाश्यांचे पोळे. विंडोज एनटीच्या आद्य विकसकांपैकी एकाला मधमाश्यांचा तिटकारा होता, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्या सहकाऱ्याने मुद्दाम पोळे, कोश असे शब्द तिच्यात पेरले, असे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनी सांगितले आहे.

नोंदींच्या प्रकारांपैकी ‘रेग एसझेड’ म्हणजे साधा मजकूर, ‘रेग डीवर्ड’ म्हणजे ३२ बिटांची संख्या, ‘रेग क्यूवर्ड’ म्हणजे ६४ बिटांची संख्या, ‘रेग मल्टी एसझेड’ म्हणजे अनेक ओळींचा मजकूर आणि ‘रेग बायनरी’ म्हणजे कच्चे बाइट. ‘रेग एक्स्पांड एसझेड’ हा प्रकार थोडा निराळा आहे. त्यात टक्केचिन्हांमध्ये लिहिलेले ‘सिस्टीमरूट’सारखे चलनाव वाचताना प्रत्यक्ष मार्गात रूपांतरित करणे अभिप्रेत असते.

स्क्रिप्टांची साधने

रजिस्ट्री हाताळण्याचे चार मार्ग प्रचलित आहेत. पहिला ‘रेग’ विस्तारनामाच्या मजकूर फायलींचा. दुसरा ‘रेग’ याच नावाच्या आज्ञेचा; ‘क्वेरी’, ‘ॲड’, ‘डिलीट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘इम्पोर्ट’ हे तिचे पोटविभाग बॅच फायलींत वापरले जातात. तिसरा व्हीबीस्क्रिप्टचा. विंडोज ९८ पासून सोबत येणाऱ्या विंडोज स्क्रिप्ट होस्टमध्ये ‘रेगरीड’, ‘रेगराइट’ आणि ‘रेगडिलीट’ या तीन सोप्या पद्धती आहेत. याच भाषेतून ‘स्टँडर्ड रेग प्रोव्हायडर’ हा अधिक काटेकोर वर्गही वापरता येतो. चौथा मार्ग २००६ साली आलेल्या पॉवरशेलचा. त्यात रजिस्ट्रीच्या दोन मुख्य शाखा जणू डिस्कचे ड्राइव्ह असल्याप्रमाणे उघडता येतात.

व्हीबीस्क्रिप्ट कालबाह्य ठरवून टप्प्याटप्प्याने काढून टाकणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले. तरीही कार्यालयांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या असंख्य स्क्रिप्टा याच भाषेत आहेत. मूळ लेखक केव्हाच बदलून गेलेला असतो आणि दुरुस्तीचे काम भलत्याच्याच वाट्याला येते. म्हणून तिच्यातील दोषांची माहिती आजही उपयोगाची आहे.

वाचनातील दोष

‘रेगरीड’ला दिलेल्या मार्गाच्या शेवटी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, असेल तर ती पद्धत किल्लीची डिफॉल्ट नोंद वाचते, रेघ नसेल तर शेवटचा शब्द नोंदीचे नाव समजते. एका रेघेने अर्थ बदलतो. एखादी किल्ली अस्तित्वात आहे का, हे तपासण्यासाठी अनेक जण शेवटी रेघ देऊन ‘रेगरीड’ वापरतात. किल्ली असेल, पण तिची डिफॉल्ट नोंद कधी भरलेलीच नसेल, तर येथे दोष उद्भवतो आणि स्क्रिप्ट ‘किल्ली नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढते. नोंद सापडली नाही तर मिळणारा संदेशही दिशाभूल करतो. त्यात मूळ शाखाच अवैध असल्याचे म्हटलेले असते. प्रत्यक्षात शाखा बरोबर असून केवळ नोंद नसते. संदेशापेक्षा त्यासोबतचा दोषांक पाहावा: शेवटी ०००२ असेल तर वस्तू सापडली नाही, ०००५ असेल तर परवानगी नाही.

यावर तोडगा म्हणून ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहिण्याची प्रथा पडली. दोष आला तरी पुढे चालू लाग, असा तिचा अर्थ. या एका ओळीने जितकी खोटी माहिती गोळा झाली असेल तितकी दुसऱ्या कशाने झाली नसावी. वाचन फसले की चलात नवे काही येत नाही. जुनेच मूल्य राहते. समजा, पन्नास संगणकांची यादी घेऊन स्क्रिप्ट प्रत्येकावरील प्रोग्रामची आवृत्ती वाचत आहे आणि सतरावा संगणक उत्तर देत नाही. अहवालात सतराव्या संगणकासमोर सोळाव्याची आवृत्ती छापली जाते. अहवाल भरलेला आणि नीटनेटका दिसतो. कोणालाही शंका येत नाही. प्रत्येक वाचनापूर्वी चल रिकामे करणे आणि वाचनानंतर लगेच दोषांक तपासणे हाच त्यावरील उपाय आहे.

व्हीबीस्क्रिप्टमधील पूर्णांक चिन्हयुक्त असल्याने ‘रेग डीवर्ड’मधील २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या ऋण दिसते; सर्वांत मोठी संख्या उणे एक म्हणून येते. नोंद बिघडलेली नसते, वाचनाची रीत तोकडी असते.

पॉवरशेलमध्ये निराळी अडचण येते. तेथे नोंद न सापडणे हा प्रक्रिया थांबवणारा दोष मानला जात नाही, म्हणून ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ यांची चौकट बांधूनही ‘कॅच’मधील भाग चालत नाही. आज्ञेला ‘एररॲक्शन स्टॉप’ ही सूचना जोडली तरच तो चालतो. तसेच ‘टेस्ट-पाथ’ किल्लीच्या असण्याची खात्री देते, तिच्यातील नोंदीची नव्हे.

लेखनातील दोष

‘रेगराइट’ला प्रकार सांगितला नाही तर ती सर्व काही मजकूर म्हणून लिहिते. रजिस्ट्री संपादकात ‘१’ हा आकडा दिसतो, पण प्रकाराच्या रकान्यात ‘रेग डीवर्ड’ऐवजी ‘रेग एसझेड’ असते आणि संख्येची अपेक्षा करणारा प्रोग्राम ती नोंद दुर्लक्षित करू शकतो. ‘रेग मल्टी एसझेड’ प्रकार ‘रेगराइट’ला लिहिताच येत नाही, त्यासाठी ‘स्टँडर्ड रेग प्रोव्हायडर’ वापरावा लागतो.

प्रकाराच्या गोंधळाचे ठळक उदाहरण ‘पाथ’ या चलाच्या नोंदीत दिसते. प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधावेत याची यादी तिच्यात असते आणि तिचा प्रकार ‘रेग एक्स्पांड एसझेड’ असतो. पॉवरशेलची नेहमीची वाचन-आज्ञा टक्केचिन्हांतील नावे विस्तारूनच हाती देते. स्क्रिप्ट त्या यादीत एका फोल्डराची भर घालते आणि साधा मजकूर म्हणून परत लिहिते. लगेच काही बिघडत नाही, पण मूळची लवचीक नावे कायमची नाहीशी झालेली असतात. ‘सेटएक्स’ ही आज्ञा वापरल्यास धोका याहून वाढतो. ती १०२४ अक्षरांनंतरचा मजकूर तोडते आणि यादीच्या शेपटातील प्रोग्राम सापडेनासे होतात.

बॅच फाईलमध्ये टक्केचिन्ह मजकूर म्हणून हवे असेल तर ते दोनदा लिहावे लागते. अवतरणचिन्हांत दिलेल्या मार्गाच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश असल्यास तो पुढील अवतरणचिन्हाला गिळतो. ‘रेग ॲड’ला ‘एफ’ ही सूचना दिली नाही आणि नोंद आधीपासून असेल, तर ती आज्ञा होय-नाही विचारते. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात उत्तर द्यायला कोणीच नसते.

पॉवरशेलमधील एक आज्ञा विशेष घातक आहे. नवी किल्ली तयार करणाऱ्या ‘न्यू-आयटम’ला ‘फोर्स’ जोडले आणि ती किल्ली आधीपासून असेल, तर जुन्या किल्लीतील सर्व नोंदी पुसून रिकामी किल्ली उभी राहते. ‘असल्यास राहू दे, नसल्यास तयार कर’ असा अर्थ मनात धरून ही आज्ञा लिहिली जाते, कारण फोल्डरांच्या बाबतीत ती नेमकी तशीच वागते. कार्यालयीन नोंदवहीचे पान फाटले तर निदान कडा उरते. येथे तीही उरत नाही.

नोंद भलत्याच जागी जाणे

६४-बिट विंडोजमध्ये जुने ३२-बिट प्रोग्रामही चालावेत म्हणून ‘एचकी लोकल मशीन’मधील ‘सॉफ्टवेअर’ या किल्लीची दोन रूपे ठेवली आहेत. ३२-बिट प्रोग्रामने ‘सॉफ्टवेअर’ उघडायला सांगितले की संचालन प्रणाली त्याला न कळवता ‘वाव६४३२नोड’ या उपकिल्लीकडे वळवते. स्क्रिप्टला स्वतःची बिटसंख्या नसते. ती चालवणाऱ्या यजमान प्रोग्रामची बिटसंख्या तिला लागू होते. त्यामुळे टेबलाशी बसून चालवलेली स्क्रिप्ट एका जागी लिहिते आणि तीच स्क्रिप्ट एखाद्या ३२-बिट व्यवस्थापन प्रोग्रामने चालवली की दुसऱ्या जागी. नावांनी गोंधळात भरच पडते: ‘सिस्टीम३२’ फोल्डरात ६४-बिट प्रोग्राम असतात आणि ‘सिसवाव६४’मध्ये ३२-बिट. ‘रेग’ आज्ञेला ६४-बिट दर्शन हवे असल्याची सूचना स्पष्टपणे देता येते. ती देणे इष्ट.

जानेवारी २०१८ मधील प्रसंगावरून याचे गांभीर्य लक्षात येते. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांतील त्रुटींसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सुधारणा काढल्या. पण काही अँटिव्हायरस प्रोग्राम प्रणालीच्या गाभ्यातील स्मृतीत असमर्थित रीतीने शिरत असल्याने सुधारणा बसताच संगणक बंद पडण्याची भीती होती. म्हणून अट घालण्यात आली. ‘एचकी लोकल मशीन’च्या ‘सॉफ्टवेअर’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंटव्हर्जन’ या वाटेने ‘क्वालिटीकॉम्पॅट’ ही किल्ली असावी आणि तिच्यात ठरावीक ३६ चिन्हांच्या नावाची ‘रेग डीवर्ड’ नोंद असून तिचा आशय शून्य असावा. ही नोंद अँटिव्हायरसने लिहायची होती. ज्या संगणकावर ती नसेल त्याला त्या महिन्याच्या सुरक्षा सुधारणा विंडोज अपडेटकडून मिळत नसत. ज्यांचा अँटिव्हायरस ती लिहीत नव्हता किंवा ज्यांच्याकडे अँटिव्हायरसच नव्हता, त्यांना ती स्वतः लिहावी लागे, आणि संगणक अनेक असले की त्यासाठी स्क्रिप्ट आलीच. आता ३२-बिट यजमानातून चाललेली स्क्रिप्ट ही नोंद ‘वाव६४३२नोड’खाली ठेवील. पडताळणी म्हणून ती वाचू गेल्यास तेथूनच वाचील आणि ‘नोंद आहे’ असे सांगेल. व्यवस्थापक निश्चिंत होईल व संगणक सुधारणेविना उघडा राहील. स्वतः लिहिलेले स्वतःच वाचून दाखवणे हा पुरावा होत नाही. पडताळणी वेगळ्या साधनाने आणि वेगळ्या वाटेने व्हावी लागते.

दुसरी चकवणारी शाखा ‘एचकी करंट युजर’. स्क्रिप्ट ज्या खात्याच्या अधिकाराने चालते त्या खात्याची ही शाखा असते, समोर बसलेल्या व्यक्तीची नव्हे. सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर प्रशासकाचे नाव व परवलीचा शब्द देऊन स्क्रिप्ट चालवली तर बदल प्रशासकाच्या खात्यात होतो. नियोजित कामातून ‘सिस्टीम’ खात्याने चालवली तर तो कोणत्याही माणसाच्या खात्यात होत नाही. ‘एचकी युजर्स’मधील ‘डॉट डिफॉल्ट’ ही किल्ली नव्या वापरकर्त्यांचा नमुना असावी असे नावावरून वाटते, परंतु ती ‘सिस्टीम’ खात्याचीच आहे. नव्या वापरकर्त्यांचा खरा नमुना ‘युजर्स’ फोल्डरातील ‘डिफॉल्ट’ या उपफोल्डरात ‘एनटीयुजर डॉट डॅट’ म्हणून असतो. तो ‘रेग लोड’ने उघडून, बदलून, पुन्हा बंद करावा लागतो. ज्यांनी प्रवेश केलेला नाही अशा वापरकर्त्यांच्या शाखा ‘एचकी युजर्स’मध्ये सहसा दिसतच नाहीत, म्हणून सर्व वापरकर्त्यांसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टा त्यांना वगळून पुढे जातात.

देवनागरी मजकूर आणि मराठी मांडणी

मराठी वापरकर्त्यांना या दोषांचा एक खास नमुना भेटतो. रजिस्ट्री स्वतः युनिकोड मजकूर साठवते. अडचण स्क्रिप्टच्या फाईलची असते. विंडोजच्या जुन्या, एएनएसआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संकेतप्रणालींत देवनागरीला स्थान नाही. ‘रेग’ फाईल त्या प्रकारात जतन केली की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे बसतात आणि तीच रजिस्ट्रीत जातात. यावर ‘रेग’ फाईल युटीएफ-१६ मध्ये ठेवणे हा उपाय आहे. व्हीबीस्क्रिप्टला युटीएफ-८ फाईल वाचता येत नाही, युटीएफ-१६ चालते. विंडोज पॉवरशेल ५.१ ला युटीएफ-८ चालते, मात्र फाईलच्या आरंभी ओळखखूण असावी लागते.

वापरकर्त्याची प्रादेशिक मांडणी ‘एचकी करंट युजर’मध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ खालील ‘इंटरनॅशनल’ या किल्लीत असते. मराठीचा भाषांक षोडशमान पद्धतीत ४४ई, म्हणजे दशमानात ११०२, आहे. ‘लोकेल’ या नोंदीत तो ‘०००००४४ई’ असा आठ चिन्हांचा मजकूर म्हणून असतो. ‘कीबोर्ड लेआउट’ खालील ‘प्रीलोड’ किल्लीतही कळफलकांचे क्रमांक असेच मजकूर म्हणून लिहिलेले असतात. भाषांकाला संख्या समजणारी स्क्रिप्ट आरंभीची शून्ये गाळते किंवा ‘रेग डीवर्ड’ लिहून मोकळी होते. शाळेच्या संगणक कक्षात सर्व यंत्रांवर मराठी कळफलक यावा म्हणून प्रशासकाच्या खात्यातून अशी स्क्रिप्ट चालवली, तर प्रकार बरोबर असूनही कळफलक फक्त प्रशासकाला मिळतो आणि विद्यार्थी इंग्रजी कळफलकासमोर बसून राहतात.

दोष शोधण्याची रीत

पहिला प्रश्न ‘स्क्रिप्टने काय लिहिले’ हा नसून ‘संबंधित प्रोग्राम कोठे वाचतो’ हा असतो. त्याचे उत्तर ‘प्रोसेस मॉनिटर’ या मोफत साधनाने मिळते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स या संग्रहातील हे साधन असून २००६ साली मायक्रोसॉफ्टने तो संग्रह आपल्याकडे घेतला. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या क्षणी कोणती किल्ली उघडली आणि परिणाम काय झाला, हे त्यात ओळीने दिसते. स्क्रिप्टचा यजमान आणि लक्ष्य प्रोग्राम या दोहोंची गाळणी लावून दोन्ही मार्ग शेजारी ठेवले की बहुधा फरक तेथेच सापडतो. ‘नेम नॉट फाउंड’ या शेऱ्याने मात्र घाबरू नये. प्रोग्राम अनेक ऐच्छिक नोंदी चाचपून पाहतात आणि निरोगी संगणकावरही असे शेरे विपुल असतात. ‘ॲक्सेस डिनाइड’ हा शेरा अधिक अर्थपूर्ण असतो.

मार्ग, प्रकार आणि खाते जुळूनही परिणाम दिसत नसेल तर वेळेचा विचार करावा. पुष्कळ सेवा आपल्या नोंदी केवळ सुरू होताना वाचतात, म्हणून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. काही बदलांना वापरकर्त्याने बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे आवश्यक असते. संस्थेच्या संगणकांवर ‘ग्रुप पॉलिसी’ असल्यास ‘पॉलिसीज’ किल्लीतील हाताने केलेला बदल धोरण पुन्हा लागू होताच पुसला जाऊ शकतो. तेथे दुरुस्ती धोरणातच करावी.

राखीव प्रत आणि तिच्या मर्यादा

रजिस्ट्री संपादकात ‘पूर्ववत करा’ अशी सोय नाही. बदल तत्काळ लागू होतो. म्हणून स्क्रिप्टने लिहिण्यापूर्वी संबंधित किल्ली ‘रेग एक्स्पोर्ट’ने बाजूला काढावी, असे सर्वत्र सांगितले जाते. हा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे. ‘रेग’ फाईल परत आणताना तिच्यातील नोंदी विद्यमान नोंदींत मिसळल्या जातात. मधल्या काळात स्क्रिप्टने नव्याने घातलेल्या नोंदी तशाच राहतात. किल्ली हुबेहूब पूर्वस्थितीत हवी असेल तर ‘रेग सेव्ह’ आणि ‘रेग रिस्टोअर’ ही जोडी वापरावी लागते, किंवा ‘रेग’ फाईलमध्ये किल्लीच्या नावाआधी वजाचिन्ह देऊन ती आधी पुसावी लागते.

विंडोज स्वतः हाइव्ह फायलींच्या प्रती ‘रेगबॅक’ या फोल्डरात ठेवत असे. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ही प्रथा आपोआप चालू राहिलेली नाही. फोल्डर दिसतो, फायलींची नावेही दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असू शकतो. संगणक सुरूच होत नसेल तर ‘विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’मधून रजिस्ट्री संपादक उघडता येतो. तेथे समोर दिसणारी ‘एचकी लोकल मशीन’ त्या तात्पुरत्या वातावरणाची असते, बिघडलेल्या विंडोजची नसते. बिघडलेली ‘सिस्टीम’ हाइव्ह ‘लोड हाइव्ह’ने वेगळे नाव देऊन उघडावी लागते. तिच्यात ‘करंटकंट्रोलसेट’ नसते, कारण ते चालू प्रणालीत तयार होणारे टोपणनाव आहे. ‘सिलेक्ट’ या किल्लीतील ‘करंट’ नोंदीत जो क्रमांक असेल त्या ‘कंट्रोलसेट’मध्ये दुरुस्ती करून हाइव्ह बंद करावी आणि मगच संगणक पुन्हा सुरू करावा.